परिषदेतलं पोस्टर की नियतकालिकातला लेख?

समजा, विंचूदंशाचा रुग्ण दारात आल्यापासून प्राझोसिनची गोळी पोटात जाईपर्यंतचा वेळ तुमच्या ग्रामीण रुग्णालयाने कमी केला. आता हे मांडायचं कुठे?

पोस्टर सोपं. लावलं, चहा घेतला, चार जणांनी विचारपूस केली, संपलं. वर्षभराने गुहागरच्या एखाद्या डॉक्टरला ते शोधूनही सापडायचं नाही.

लेख मात्र ओपीडी सांभाळून लिहायचा म्हणजे जिवावर येतं. 'स्क्वायर २.०' ही आरोग्यसेवेतल्या सुधारणांबद्दल कसं लिहावं याची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवली की सांगाडा तयार मिळतो: अडचण काय, बदल कोणता, तो चालेल असं का वाटलं, कुठे अडलं. हे शेवटचं पोस्टरवर मावत नाही, आणि दुसऱ्या रुग्णालयाला नेमकं तेच हवं असतं. पावसात वीज गेली, शिकवून तयार केलेल्या सिस्टरांची बदली झाली, रजिस्टरात वेळ लिहायची राहिली, सगळं लिहा. 'बीएमजे ओपन क्वालिटी' हे नियतकालिक अशाच कामासाठी आहे. फी आधी बघून घ्या. (आडगावातलं कोण छापतं, असं म्हणणाऱ्यांसाठी: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम १९८२ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं.)

माझं मत लेखाकडे. पोस्टर आधी करायला हरकत नाही, त्यातला रन चार्ट (काळानुसार आकडे कसे बदलले ते दाखवणारा आलेख) लेखातही कामाला येतो. नैतिकता समितीला मात्र काम सुरू करण्याआधीच विचारा.