घरच्या घरी एचआयव्ही टेस्ट (ओराक्विक) : किट मस्त, पण निगेटिव्हचा अर्थ नीट समजून घ्या

५ पैकी ४ स्टार. मी आणि पार्टनर दोघांनी वापरलं. सुई नाही, रक्त नाही, पट्टीचं टोक वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायचं, किटच्या बाटलीतल्या द्रवात उभं करायचं आणि २० ते ४० मिनिटांच्या मधे बघायचं, नंतर बघितलेलं धरायचं नाही. फक्त सी (कंट्रोल) ची रेष आली तर निगेटिव्ह, टी (टेस्ट) ची पण आली तर पॉझिटिव्ह, ती अगदी फिकट असली तरी. लॅबमध्ये जायला संकोच वाटतो अशांसाठी खरंच मोठी सोय आहे.

आता एक स्टार का कापला ते. हे किट व्हायरस शोधतच नाही, आपल्या इम्युन सिस्टीमने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडीज शोधतं, आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो म्हणून रिस्क घेतल्यावर ३ महिन्यांनी केलेल्या टेस्टवरच भरवसा ठेवायचा. पण खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत शरीराचा बचाव अजून जागा झालेला नसतो त्यामुळे रक्तात आणि वीर्यात व्हायरस प्रचंड वाढलेला असतो, एका मिली रक्तात लाखो कॉपीज, म्हणजे किट निगेटिव्ह दाखवतंय नेमक्या त्याच दिवसांत पार्टनरला लागण होण्याचा धोका सगळ्यात जास्त!! निगेटिव्ह आलं म्हणून कंडोम सोडणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा प्लीज. हे पॅकवर मोठ्या अक्षरात हवं होतं. नुकतीच रिस्क झाली असेल तर लॅबची फोर्थ जनरेशन टेस्ट करा, ती व्हायरसचं पी२४ प्रोटीन पण पकडते त्यामुळे लवकर कळतं. आणि ७२ तास झाले नसतील तर आधी डॉक्टरकडे जाऊन पेप (रिस्क झाल्यावर लागण टाळायला घ्यायची औषधं) सुरू करा, टेस्टचं नंतर बघू.

दुसरं म्हणजे गुप्तरोग. हर्पिस, सिफिलिस, गनोरिया असेल तर तिथे सूज येते आणि लढायला सीडी४ पेशी (इम्युन सिस्टीमच्या पांढऱ्या पेशी) गोळा होतात, आणि एचआयव्हीला घुसायला हव्या असतात त्या याच पेशी. म्हणजे शरीर संरक्षणासाठी जे सैन्य पाठवतं तेच व्हायरसच्या हाती लागतं. हर्पिसचा फोड बरा झाल्यावरही या पेशी तिथे बरेच दिवस राहतात. हर्पिसचं औषध देऊन एचआयव्हीची लागण टळते का याच्या मोठ्या ट्रायल्स झाल्या होत्या, फायदा दिसला नाही, त्याचं एक कारण हेच असावं असं मानतात. त्यामुळे जखम, जळजळ, पू असं काही असेल तर नुसत्या या किटवर थांबू नका, बाकीच्या तपासण्या पण करून घ्या.

प्रेप (लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध) घेत असाल तर अँटीबॉडीज उशिरा बनू शकतात, मग हे किट नको, लॅबच बरी. आणि ज्यांचे एचआयव्हीचे उपचार चालू आहेत त्यांनी "गेला का बघू" म्हणून हे मुळीच वापरू नका. व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) टेस्टमध्ये दिसणार नाही इतका कमी, म्हणजे अनडिटेक्टेबल असला तरी अँटीबॉडीज राहतात, रेष बहुतेक येणारच, आणि उगाच जीव खाली-वर होईल. लोड तसाच दबलेला राहिला तर सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही, हे "पार्टनर" नावाच्या अभ्यासात एकाला एचआयव्ही असलेल्या हजारभर जोडप्यांवर बघितलंय, आणि लोड दबलेला आहे का ते कळायला व्हायरल लोडची टेस्ट लागते, हे किट नाही.