स्कायसर्व्हर: आधी वर्णपट बघा, मग तापमान

फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा रिव्ह्यू कशाला, असं कुणी म्हणेल. पण एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की पोरं येतात, "मॅडम, दुर्बीण न लागणारं काहीतरी द्या," आणि मी त्यांना स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीचा डेटा देणाऱ्या स्कायसर्व्हर या संकेतस्थळावर पाठवते. शिफारस तोंडी चालूच असते, ती आता लिहून ठेवते.

न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंटवर अडीच मीटरची दुर्बीण आहे. ॲल्युमिनियमच्या प्लेटला ताऱ्यांच्या जागी भोकं पाडायची, प्रत्येक भोकात एक फायबर खोचायची, की एकाच वेळी 640 वर्णपट, म्हणजे तरंगलांबीप्रमाणे पसरलेल्या उजेडाच्या नोंदी, मिळायचे. पुढे बॉस नावाचं उपकरण आलं आणि हा आकडा 1000 वर गेला. त्यातले तारे हवे असतील तर सेग्यूकडे, म्हणजे याच सर्व्हेच्या ताऱ्यांसाठीच्या भागाकडे जा. पहिल्या सेग्यूमध्येच सुमारे 2,40,000 तारे आहेत. प्लेट, दिनांक आणि फायबर हे तीन आकडे म्हणजे वर्णपटाचा पत्ता. पैसे लागत नाहीत. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा थोडी येत असेल तर हवे तसे तारे गाळून घेता येतात.

तारा उघडला की वर्णपटाचा आलेख येतो आणि माथ्यावर एक ओळ असते: वर्ग स्टार, उपवर्ग एफ9, वगैरे. एफ, जी, के ही अक्षरं म्हणजे गरमाकडून थंडाकडे जाणारे ताऱ्यांचे वर्ग. पोरं ती ओळ वाचतात आणि थेट तापमानाच्या रकान्याकडे पळतात. मी तिथंच थांबवते. ती ओळ संगणकाचं मत आहे. पुरावा खालच्या वेड्यावाकड्या रेघेत आहे.

रेघ वाचायची तर आधी तिच्यातलं ताऱ्याचं काय आणि आपल्या हवेचं काय, हे वेगळं करावं लागतं. 5577 अँगस्ट्रॉमच्या (हे तरंगलांबीचं एकक) आसपास एखादा सुळका वर आलेला दिसला तर तो बहुतेक वेळा आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनच्या उजेडाची वजाबाकी नीट न झाल्याचा अवशेष असतो. 7600 जवळचा खड्डाही आपल्याच ऑक्सिजनचा. लाल टोकाची खरखर रात्रीच्या आभाळातल्या हायड्रॉक्सिलची. ही तिन्ही ठिकाणं ओळखता आली की निम्मे प्रश्न मिटतात.

दुसरी गोष्ट मात्र हमखास चकवते. इथल्या तरंगलांबी निर्वातातल्या आहेत. पुस्तकातली एच-अल्फा ही हायड्रोजनची लाल रेषा हवेतल्या मापानं 6563 वर असते, इथं स्थिर ताऱ्याचीही ती 6564.6 वर दिसते. रेषा सरकली की ताऱ्याचा वेग काढतात, त्यामुळे हे ठाऊक नसलं तर शांत बसलेल्या ताऱ्यालासुद्धा सेकंदाला ऐंशीएक किलोमीटरचा वेग चिकटतो. माहिती मदतीच्या पानांत आहे, पण ती आलेखाच्या अक्षावर ठळक लिहायला हवी होती.

आता आकड्यांकडे. सेग्यूची प्रणाली तीन गोष्टी सांगते: पृष्ठभागाचं तापमान, पृष्ठीय गुरुत्वाचा लॉग आणि लोहाचं प्रमाण. मला या सेवेतलं सगळ्यात आवडलेलं इथं आहे. तिनं एकच पद्धत वापरून निकाल हातात ठेवलेला नाही. हायड्रोजनच्या रेषांवरून निघालेलं तापमान वेगळं, कृत्रिम वर्णपटांशी जुळवून काढलेलं वेगळं, न्यूरल नेटवर्कचं वेगळं, आणि या सगळ्यांतून ठरवलेलं अंतिम मूल्य शेवटच्या रकान्यात. चार वैद्यांना एकच नाडी दाखवावी आणि चौघांच्या चिठ्ठ्या आपल्याला वाचायला मिळाव्यात, तसं. चिठ्ठ्या जुळत असतील तर ठीक. तापमान जुळतंय पण लोहाचे आकडे विखुरलेत, असं दिसलं तर वर्णपटाकडे परत जायचं. बहुतेक वेळा लोहाच्या रेषा इतक्या बारीक असतात की खरखरीत बुडालेल्या असतात. लोहाचं प्रमाणही लॉगमध्ये असतं, त्यामुळे उणे 2 म्हणजे सूर्याच्या शंभरावा हिस्सा. अशा ताऱ्यात 3934 जवळची कॅल्शियमची के रेषा तेवढी डोळ्यांना सापडते. नोंदवलेली अनिश्चितता तापमानात साधारण 150 केल्विन, गुरुत्वात 0.3 आणि लोहात 0.24 आहे. दशांशानंतरची पुढची सगळी घरं प्रोजेक्ट रिपोर्टमधून खोडून टाकते मी.

गुरुत्वाचा आकडा सगळ्यात नाजूक, म्हणून तो डोळ्यांनी ताडून पाहायचा. तारा के वर्गाचा असेल तर 5170 च्या आसपासच्या मॅग्नेशियमच्या तिळ्या रेषा आणि तिथला मॅग्नेशियम हायड्राइडचा पट्टा पाहा. बटू ताऱ्यात ही जागा खोल बसलेली असते, राक्षसी ताऱ्यात ती तुलनेनं उथळ. निळसर तारा असेल तर हायड्रोजनच्या रेषांची रुंदी. त्या प्रमाणाबाहेर रुंद असतील आणि गुरुत्वाचा आकडा मॉडेलच्या कमाल मर्यादेला चिकटलेला असेल, तर समोर श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, असू शकतो. त्याचं लॉग गुरुत्व 8 च्या घरात असतं आणि ही प्रणाली त्याच्यासाठी बनवलेलीच नाही. 4000 केल्विनच्या खालच्या थंड ताऱ्यांचंही तेच. टायटॅनियम ऑक्साइडचे खड्डे दिसले की तापमानाचा रकाना झाकून ठेवा.

प्रत्येक ताऱ्याला पाच अक्षरांचा शेराही असतो. पाचही एन असतील तर बिनधास्त पुढं जा. अक्षर बदललं की काहीतरी खटकलंय: श्वेतबटू, खरखर, कार्बनचा जाड पट्टा. फार कामाची सोय, पण अक्षरांचा अर्थ शोधायला दुसरं पान उघडावं लागतं. रकान्यांची नावंही शिकाऊ माणसाला दचकवणारी आहेत. आणि जिथं मूल्य निघालं नाही तिथं उणे 9999 लिहिलंय. ते न गाळता आलेख काढला की सगळे खरे तारे एका कोपऱ्यात चिमटले जातात. वेगाचे रकानेही एकाहून जास्त आहेत. ज्याच्या नावात 'फायनल' आहे तोच घ्यावा, त्यात सेकंदाला 7.3 किलोमीटरची दुरुस्ती आधीच केलेली आहे.

याच सर्व्हेचं अपोजी हे भावंड 1.51 ते 1.70 मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात काम करतं आणि रेषा कितीतरी बारकाईनं सुट्या दाखवतं. आकाशगंगेच्या धुळीपलीकडचे राक्षसी तारे हवे असतील तर तेच घ्या. पण तिथं कच्चं आणि दुरुस्त केलेलं अशी दोन मूल्यं असतात, कोणतं वापरलं ते लिहायला विसरू नका. नवख्यांना मी तिकडे पाठवत नाही, कारण बामर रेषा (दृश्य उजेडातल्या हायड्रोजनच्या रेषा) तिथं नाहीत आणि वर्ग डोळ्यांनी ओळखण्याची मजा जाते. गाया या युरोपच्या अवकाश दुर्बिणीच्या यादीत तारे कोट्यवधी, पण वर्णपट ठोकळ. धुळीनं लालसर झालेला गरम तारा आणि मुळातच थंड तारा यांची तिथं गल्लत होऊ शकते.

गुण पाचपैकी साडेचार. सुरुवात करणाऱ्यांनी सिग्नल-नॉइज (खऱ्या उजेडाचं खरखरीशी प्रमाण) 30 च्या वरचे, पाचही एन असलेले थोडे तारे उचलावेत, वर्णपट छापून माथ्यावरची ओळ दुमडून टाकावी आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं आपला वर्ग लिहावा. सेवेचा वर्ग त्यानंतर उघडायचा. एफ आणि जी यांच्या सीमेवर भांडणं होतात, ती होऊ द्यावीत.