दहाच्या तारा: बोटांना लागलेली शिस्त

डिॲडारिओ या कंपनीच्या ईएक्सएल110 या तारांचा संच मी चार महिन्यांपासून स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारवर वापरत आहे. त्याआधी कित्येक वर्षे माझ्या गिटारवर 9 ते 42 मापाच्या (सर्वांत बारीक तारेपासून सर्वांत जाड तारेपर्यंतची जाडी) तारा होत्या. हा संच 10 ते 46 चा आहे. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असल्याने फरक क्षुल्लक वाटतो, परंतु पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेचा ताण सुमारे 5.9 किलोंवरून 7.3 किलोंवर जातो आणि बोटांना तो पहिल्याच बेंडला (तार बाजूला ओढून स्वर चढवताना) कळतो.

ब्लूज-रॉक वाजवताना माझा मूळ दोष बेंड चढा जाण्याचा होता. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट (गिटारच्या मानेवर पट्ट्यांनी आखलेली स्वराची जागा) एक पूर्ण स्वर वर ओढला, की तो दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी तंतोतंत जुळायला हवा. माझे ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा दहापैकी निम्मे बेंड त्याच्या वर गेलेले होते. नऊची तार विरोधच करत नसल्यामुळे हात कुठे थांबावा, हे तिच्याकडून उमगत नसे. दहाच्या तारेला मात्र एकट्या अनामिकेने ओढून चालत नाही; मागे मधले बोट आणि तर्जनी लावावी लागते, अंगठा मानेवरून वर घ्यावा लागतो आणि कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट फिरवावे लागते. व्हायब्राटोही (स्वराचे आंदोलन) त्यामुळे संथ आणि रुंद झाला.

सर्वांत मोठा लाभ गांधारात झाला. ए हा षड्ज मानल्यास तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर कोमल गांधार येतो, आणि ब्लूजला हवा असलेला स्वर त्याच्या किंचित वर, पण शुद्ध गांधाराच्या अलीकडे असतो. हार्मोनियमच्या पट्टीत न सापडणारी ती जागा मींडेनेच गाठावी लागते, आणि तिथे तारेचा विरोध उपयोगी पडतो.

नादाविषयी मात्र अतिशयोक्ती करू नये. आवाज थोडा भरीव होतो, इतकेच. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन 13 ची पहिली तार वापरत, पण गिटार अर्धा स्वर उतरवून. झीझी टॉप या बँडचे गिटारवादक बिली गिबन्स 7 ची वापरतात आणि त्यांचा आवाज कोणी पातळ म्हणत नाही. अर्धा स्वर उतरवल्यास ताण सुमारे 11 टक्क्यांनी घटतो, त्यामुळे बोटे दुखणाऱ्यांनी हा संच आधी असा उतरवूनच लावून पाहावा.

माप बदलल्यावर गिटार पुन्हा जुळवून घ्यावी लागते, कारण सहाही तारांचा मिळून ताण सुमारे 8 किलोंनी वाढतो. मान वाकते आणि ट्रेमोलोचा ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो स्प्रिंगांवर तोललेला भाग) वर उचलला जातो. मी ज्या कारागिराकडे गिटार दिली, त्याने ट्रस रॉड (मानेचा वाक सावरणारी आतली सळई) आणि स्प्रिंगा नीट बसवल्या, पण नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तशाच ठेवल्या. परिणामी प्रत्येक बेंडनंतर तिसरी तार खाचेत अडकून ‘टक्’ असा आवाज करी आणि थोडी उतरलेलीच राही. दोन आठवडे मी माझ्या कानांनाच दोष देत होतो! खाच बारीक कानशीने रुंद केली आणि तीत पेन्सिलीचे शिसे घासले, तेव्हा ती कटकट मिटली.

तारांच्या टोकांच्या गोळ्या रंगीत असल्याने कोणती तार कोणती, हे शोधत बसावे लागत नाही. या तारांवर संरक्षक लेप नाही, त्यामुळे ठाण्याच्या दमट हवेत वाजवून झाल्यावर त्या कोरड्या कापडाने पुसतो, आणि पाच-सहा आठवड्यांनी आवाज मंदावला की नवा संच चढवतो.