बेसबॉलमधला थोर फलंदाज कोण, हँक ॲरन की बॅरी बाँड्स?

आकडा विचाराल तर बाँड्स पुढे: कारकिर्दीत ७६२ होमरन (चेंडू मैदानाबाहेर, जणू क्रिकेटचा षटकार). ॲरनचे ७५५. पण या सातांवरून निकाल लावायला माझं मन धजत नाही.

ॲरनने एका हंगामात कधी पन्नासही मारले नाहीत. सर्वाधिक ४७, तेही १९७१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्याचं सगळं मनगटात आणि सातत्यात. होमरन वजा केले तरी ३,०१६ हिट (चेंडू टोलवून बेस गाठणारे फटके) उरतात! जुना दिग्गज बेब रूथ याचा कारकिर्दीतल्या होमरनचा विक्रम मोडताना या कृष्णवर्णीय खेळाडूला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. तरी ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात विक्रम मोडणारा ७१५वा होमरन गेलाच.

बाँड्सची दहशत मात्र वेगळीच. मे १९९८, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद, तिन्ही बेसवर धावपटू, फलंदाजीला बाँड्स, प्रतिस्पर्धी ॲरिझोना ८-६ ने पुढे. तरी त्यांनी त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे खेळू न देता पहिला बेस बहाल केला, आणि बाकीचे धावपटू एकेक बेस पुढे सरकले. ॲरिझोनाने एक रन फुकट दिला, पण सामना ८-७ ने जिंकला. २००१ च्या एका हंगामात बाँड्सने ७३ होमरन ठोकले. पुढे उत्तेजकांचं प्रकरण चिकटलं आणि सात एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) किताब असूनही पत्रकारांच्या मतदानात हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या दालनाचं, दार उघडलं नाही.

शेवटची इनिंग असेल तर मी बाँड्सला पाठवेन. वीस हंगामांसाठी ॲरनच.