लोभ एकच, शिक्षा दोन: दान्तेचा नरक आणि शुद्धिपर्वत

इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यात तो स्वतःच परलोकाचा प्रवासी आहे, आणि तिथं त्याला लोभी माणसं दोनदा भेटतात. नरकाच्या चौथ्या वर्तुळात (सर्ग 7) कंजूष आणि उधळे छातीनं धोंडे रेटत समोरासमोर येतात, आदळतात, 'साठवतोस कशाला?', 'उधळतोस कशाला?' असं एकमेकांवर ओरडतात, की मागे फिरून पुन्हा तेच. त्यांत पोप आहेत, कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) आहेत. पण चेहरे इतके काळवंडलेले की एकही ओळखू येत नाही. नाव हरवणं ही धोंड्याहून जड शिक्षा.

शुद्धिपर्वत म्हणजे स्वर्गात जाण्याआधी पापं धुण्याचा डोंगर (पर्गेटरी). त्याच्या पाचव्या कड्यावर (सर्ग 19-20) तसलेच लोक हातपाय बांधलेले, पालथे पडलेत. जन्मभर नजर मातीतच होती ना! इथं मात्र पोप पाचवा एड्रियन स्वतःची ओळख सांगतो, आणि दान्ते गुडघे टेकतो तेव्हा त्याला 'ऊठ' म्हणतो.

'शुद्धिपर्वत म्हणजे सौम्य नरक' हे वाचन इथं फसतं. या डोंगरावर याहून कडू शिक्षा नाही, असं एड्रियनच सांगतो. फरक मुदतीचा आहे. नरकातला फेरा संपत नाही. इथं प्राचीन रोमन कवी स्टेशियस 500 हून जास्त वर्षं पडून सुटतो (तोही उधळेपणाबद्दल, कंजुषीबद्दल नव्हे), आणि त्या क्षणी अख्खा डोंगर हादरतो.