स्लगच्या फंक्शनसाठी टेस्ट: उदाहरणांच्या की गुणधर्मांच्या?

शीर्षकावरून यूआरएलचा स्लग (वेबपत्त्यात दिसणारं, हायफनने जोडलेलं शीर्षकाचं रूप) बनवणारं फंक्शन जेमतेम पाच-सहा ओळींचं असतं, म्हणून त्याच्या टेस्ट घाईघाईत उरकल्या जातात. पण प्रसिद्ध झालेला स्लग नंतर बदलला की जुन्या लिंक तुटतात, त्यामुळे इथे कसून तपासलंच पाहिजे.

सरळ मार्ग उदाहरणांच्या तक्त्याचा: एका बाजूला इनपुट, दुसऱ्या बाजूला अपेक्षित स्लग. कोड न वाचताही फंक्शनचं काम कळतं. उणीव एकच, पण मोठी: आपल्याला सुचलं तेवढंच तपासलं जातं.

गुणधर्मांच्या टेस्टमध्ये पायथनची हायपोथेसिस किंवा जावास्क्रिप्टची फास्ट-चेक ही लायब्ररी हवी तशी वेडीवाकडी इनपुट तयार करते आणि आपण फक्त नियम सांगतो. कडेला हायफन नको, सलग दोन हायफन नकोत, स्लगचा पुन्हा स्लग केला तरी तोच यावा. पुरेशी लांब इनपुट तयार होत असतील तर लांबीच्या मर्यादेतली चूक इथे सापडू शकते. कडेचे हायफन आधी काढले, मग ५० अक्षरांवर कापलं आणि नेमकं पन्नासावं अक्षर हायफन निघालं, तर नियम मोडतो. शिवाय चूक दाखवणारं इनपुट ही साधनं आपणहून लहान करून देतात.

तरीही फक्त गुणधर्मांवर विसंबू नका. नेहमी रिकामी स्ट्रिंग परत करणारं फंक्शनही वरचे सगळे नियम पाळतं! मराठीला हा धोका खराच आहे. पायथनच्या अंगभूत रेगेक्समधल्या (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीतल्या) बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये, म्हणजे ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ या खुणेत, काना, मात्रा, वेलांटी बसत नाहीत. त्यात न बसणारं सगळं गाळलं की ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं, आणि नियम एकही मोडत नाही. ही चूक तक्त्यातली ‘मराठी’ची ओळच पकडते.

तेव्हा तक्ता आधी. त्यात रिकामं शीर्षक, नुसती विरामचिन्हं आणि मर्यादेपेक्षा लांब मजकूर हवा. ‘दुसऱ्या’सारखा शब्दही घ्या: त्यातला ऱ एका कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या एका क्रमांकाने) लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता मिळूनही. दोन्ही दिसतात सारखे, म्हणून स्लगही एकच यायला हवा. नॉर्मलायझेशन, म्हणजे अशी वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, विसरलं असेल तर इथे कळतं.

शीर्षकं मोजक्या संपादकांकडूनच येत असतील तर एवढं पुरे. वापरकर्ते काहीही टाकू शकत असतील तर गुणधर्मही जोडा, आणि त्यांनी पकडलेलं प्रत्येक इनपुट तक्त्यात कायमचं नोंदवा. दोन शीर्षकांचा स्लग एकच येण्याचा प्रश्न मात्र या फंक्शनचा नाही; तो डेटाबेसमधल्या युनिक बंधनाने (एकच मूल्य दोनदा येऊ न देणाऱ्या नियमाने) सोडवा.