सरकारी घाटावर पोरांनी केलेलं काम, नदीला पाणी यायच्या आत बघून या

मे महिना लागल्यापासून आपल्या सांगलीत सरकारी घाटावर पाच पोरांनी काम मांडलंय. तीन मुली, दोन मुलं, सगळी गेल्या वर्षीच आर्ट कॉलेजातनं पास झालेली, कुणी सिरॅमिक केलंय, कुणी टेक्सटाईल, एकजण लाकडाचं काम करतो. ग्रुपला अजून नाव पण नाही. तिकीट नाही, उद्घाटन झालं नाही, पेपरला काही आलं नाही. माझं शिलाईचं दुकान गावभागात, घाट चालत पाच मिनिटांवर, म्हणून पहिल्या दिवशी सहज गेले आणि आतापर्यंत चार वेळा जाऊन आले. नीट लिहावं असं वाटलं कारण लोक येतात, वर हळदीत रंगवलेल्या बारदानांच्या कामापाशी फोटो काढतात आणि भेळ खायला निघून जातात, आणि खरी बघायची गोष्ट राहते खाली पायऱ्यांवर.

खाली म्हणजे अगदी पाण्याला लागून. तिथं तळहाताएवढ्या मातीच्या टाइल्स बसवल्यात आणि प्रत्येकीवर एकेका वस्तूचा ठसा आहे. किल्ली, पोळपाटाची कड, लोणच्याच्या बरणीचं झाकण, लहान पोराची चप्पल, चष्म्याची काडी. सगळ्या वस्तू पुरात बुडालेल्या घरांतल्या. त्यातल्या दोन मुली फेब्रुवारीपासून गावभाग, मारुती चौक, टिळक चौक असं दारोदार फिरत होत्या, तशा माझ्याकडं पण आल्या, "काकू, २०१९ च्या पाण्यातलं काही ठेवलंय का हो तुम्ही?" ठेवलं होतं. पाणी ओसरल्यावर दुकान उघडलं तेव्हा मशीन चिखलात आडवं पडलेलं, धुतलं, ऑइल घातलं, काही उपयोग झाला नाही, बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची गोल डबी, तर गंजून आतच धरली होती ती पकडीनं ओढून काढावी लागली. मशीन भंगारात दिलं पण ती बॉबिन केस काही टाकवली नाही, बटणांच्या डब्यात तशीच पडून होती. ती दिली. दुसऱ्या दिवशी ठसा घेऊन परत आणून दिली, कागदात नीट गुंडाळून, एवढं सांभाळून आजकाल कोण आणून देतं.

आता यातली खरी गंमत ऐका. वरच्या पायऱ्यांवरच्या टाइल्स भाजलेल्या आहेत आणि खालच्या कच्च्या, नुसत्या उन्हात वाळवलेल्या. माती सगळी एकच, नदीकाठची, लीद आणि राख घालून मळलेली, एका कुंभारमामांकडनं शिकून घेतलं म्हणाल्या आणि त्यांच्याच भट्टीत भाजली. त्या मुलीनं मला समजावून सांगितलं की माती ६०० अंशाच्या पुढं तापली की ती परत कधी माती होत नाही, पाण्यात वर्षानुवर्षं ठेवा तशीच राहते, आणि कच्ची मात्र पाणी लागलं की सुटते, बघता बघता गाळ होते. म्हणजे जून-जुलैला कृष्णा चढली की खालच्या टाइल्स जाणार, आणि ते ठरवूनच केलंय. प्रत्येक घराला विचारलं होतं, तुमची वर लावू का खाली? बऱ्याच जणांनी वर सांगितलं म्हणे. मी खाली म्हणलं. इतकी वर्षं डब्यात ठेवलेली, न्यायची होती तेव्हा नदीनं नेली नाही, आता ने म्हणावं.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे आपल्याला पाढ्यासारखं पाठ आहे, २००५ बघितलं, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं बघितलं, २०२१ ला परत सामान माळ्यावर चढवलं. हे आकडे त्यांनी कुठंच लिहिले नाहीत. मला ते फार बरं वाटलं. आकडे सगळ्यांकडं आहेत, चप्पल त्या एका घरातली आहे.

वरच्या मोकळ्या जागेत पेव आहे. हरिपूरची पेवं नवीन पोरांना माहीत नसतील म्हणून सांगते, हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे असायचे, वरनं तोंड लहान, आत पोट मोठं, हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही, आणि २००५ च्या पुरात त्यातली बरीच खराब झाली. टेक्सटाईलवाल्या मुलीनं ते पेव जमिनीतनं काढून वर उभं केलंय. बांबूचा सांगाडा, साधारण दोन मजले उंच, त्यावर मार्केट यार्डातली जुनी बारदानं हळदीत रंगवून शिवलेली. वाकून आत जायचं आणि वर बघायचं, आभाळाचा एक गोल तुकडा दिसतो, आत हळदीचा आणि तागाचा वास इतका दाट की मला आजोळचा हळद शिजवायचा सीझन आठवला, ती कढईची वाफ आणि मागनं मामाची हाक. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे हा माल इथलाच अशी सरकारी नोंद, मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, पण पेवात उतरल्यासारखं मला पहिल्यांदा इथं वाटलं.

मी कुठलंही काम बघताना आधी शिवण बघते, सवयच आहे. बारदान शिवणं सोपं नाही, ताग सुटतो, कड उसवत जाते. हिनं दाभणानं दुहेरी शिवण घातलीय, कडा आत दुमडून, आणि नदीकडच्या बाजूला जिथं वाऱ्याचा ताण येतो तिथं आतनं ठिगळाचा जोड दिलाय. बाहेरनं दिसत पण नाही. कॉलेजात मार्क मिळवायला केलेलं असं नसतं, हे टिकावं म्हणून केलंय. रंग मात्र टिकणार नाही, हळद उन्हात उडतेच, दुपारचं ऊन ज्या बाजूला लागतं ती बाजू आताच ताकासारखी फिकी पडलीय आणि आतली बाजू अजून पिवळीधमक. आणि दाराशी बोटभर उंचीचे लाल डाग बघा. मला वाटलं कुंकू लावलं कुणी. ती म्हणाली काकू, तंबाखू मळून आलेले लोक हात टेकवून आत वाकतात, बोटाला चुना असतो, हळदीला चुना लागला की लाल होतं. कुंकू असंच करतात की! तिनं ते डाग पुसले नाहीत, उलट रोज मोजते, आणि आता दाराची सगळी कड लालसर झालीय.

लाकूडवाल्या मुलानं मिरजेतनं टाकाऊ भोपळे आणलेत, तडा गेलेले, सतारीला न चालणारे, आणि दोन झाडांमध्ये तार ताणून तिच्या टोकाला ते बसवलेत, वारा आला की तार घुमते. मिरजेच्या सतारीला तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मिळालंय, त्याची माहिती त्यानं लावलीय, पण संध्याकाळी गाड्यांच्या हॉर्नमध्ये काही म्हणजे काही ऐकू येत नाही. सकाळी सहाला गेले तेव्हा भोपळ्याला कान लावला, तेव्हा कळलं. कुणीतरी शेजारच्या खोलीत तंबोरा जुळवतंय असा आवाज. कल्पना छान आहे पण वेळ सांगणारी पाटी तरी लावायला पाहिजे होती, लोक येऊन नुसते भोपळे बघून जातात.

न आवडलेलं पण लिहिते. प्लास्टिकच्या बाटल्यांचा मोठा मासा केलाय, नदीत कचरा टाकू नका असा. मेहनत आहे, नाही असं नाही, पण तो मासा साताऱ्यात ठेवा, नाशकात ठेवा, काही फरक पडत नाही. हे मी त्या मुलाला तोंडावर सांगितलं, आणि त्यानं वाईट वाटून घेतलं नाही, उलट बसवून अर्धा तास बोलला. त्यानं सांगितलं, न्यूयॉर्कला एका चौकात रिचर्ड सेरा नावाच्या शिल्पकारानं १९८१ ला १२० फूट लांब लोखंडी भिंत उभी केली होती, लोकांना अडचण झाली, कोर्टकचेरी झाली आणि १९८९ ला ती काढली. दुसरीकडं हलवा म्हणत होते तर सेरा म्हणाला की हे या जागेसाठीच केलंय, हलवलं म्हणजे मोडलंच. मला दोन्ही बाजू पटल्या, ज्यांना रोज वळसा घालून जावं लागत होतं त्यांची पण. पण त्या हिशोबानं बघितलं तर टाइल्स आणि पेव इथनं हलवता येत नाहीत आणि मासा येतो. तो म्हणाला काकू पुढच्या वेळी. पुढची वेळ यावी त्यांची.

कारण पैसे सगळे खिशातले. दोघी दिवसभर क्लासेस घेतात, लाकूडवाला फर्निचरच्या कामावर जातो आणि संध्याकाळी घाटावर. परवानगीसाठी तीन टेबलं फिरले. आणि एवढं करून गेल्या आठवड्यात कुणीतरी वाढदिवसाचा फ्लेक्स थेट पेवाच्या तोंडावर बांधला, दोन दिवस आत जाता येत नव्हतं, शेवटी आम्ही चार बायकांनी जाऊन तो सोडून बाजूला बांधला. नाट्यपंढरी म्हणवतो आपण गावाला, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं तेव्हापासूनचं, मग एवढी जागा तरी सोडायला पाहिजे की नाही.

जाणार असाल तर सकाळी सहा ते आठ जा, किंवा ऊन उतरल्यावर. रात्री नको, लाइट नाही आणि पायऱ्या निसरड्या आहेत, वयस्कर माणसं सोबत असतील तर हात धरून उतरवा. गाडी वरच लावा. पाट्या फार बारीक अक्षरात आहेत, चष्मा न्या. वर एका खोक्यात भाजलेल्या छोट्या टाइल्स विकायला आहेत, १५० रुपयाला, घासाघीस करू नका.

माझ्या बॉबिन केसची टाइल नदीकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, शेवटून दुसऱ्या पायरीवर, लहान चपलेच्या शेजारी. परवा वळीव झाला त्यात तिचा एक कोपरा गेलाय, मधला गोल अजून स्पष्ट दिसतोय.